बॉडी एकदा नाही, अकरा वेळा चढवली

आमच्या ड्राइव्हवेवर दोन वर्षं एक गाडी अशी उभी होती जिला खालनं काही नव्हतं, आणि तिच्या शेजारी दुसरी अशी जिला वरनं काही नव्हतं. पहिली म्हणजे एका जुन्या शेवरलेटची बॉडी, दुसरी म्हणजे एका पिकपची चासी, आणि पहिली दुसरीवर बसवायची हे माझं काम. येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच बोलायचा, आता काय राहिलं, ही उचलायची आणि त्याच्यावर ठेवायची, झालं काम. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझाही हिशोब तेवढाच होता. जूनमध्ये चालू करू, दिवाळीला गाडी रस्त्यावर. ती दिवाळी गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या दिवाळीला गाडी कशीबशी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली.

मी ओहायोत राहतो, डेटनच्या बाजूला. काम कॉम्प्युटरचं, बसून. पण लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मामाच्या शेडमध्ये गेल्या. कोल्हापूरकडं मामाचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं शेड होतं. कंपनीतनं नुसती चासी यायची, म्हणजे दोन चॅनल, इंजिन, चार चाकं आणि स्टेअरिंग, बास. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्याला गॉगल, असा शेकडो मैल ऊन वारा खात यायचा आणि उतरल्या उतरल्या आधी चूळ भरायचा. मग मामा आणि त्याची माणसं त्याच्यावर केबिन, हौदा सगळं चढवायची. त्यामुळं चासीवर बॉडी बसवणं हे माझ्या डोक्यात काही फार मोठं काम नव्हतंच, आमच्यात ते रोजचं.

चूक तिथंच झाली. फोनवर सांगितलं तेव्हा मामा पहिल्याच मिनिटाला म्हणाला होता, "आरं लेका, आम्ही पाय बघून चप्पल शिवायचो, तू चप्पल हातात घिऊन पाय हुडकायलास." मी हसलो. पुढचे दोन वर्षं ते वाक्य आठवून हसू आलं नाही.

गाडी म्हणजे १९५१ ची शेवरलेट स्टाइललाइन डीलक्स, चार दरवाजांची. आमच्या जवळ स्प्रिंगफील्डला स्वॅप मीट भरतो, जुन्या पार्टचा आठवडी बाजारच म्हणा ना, पत्र्याचे ढीग, हबकॅप ओळीनं मांडलेले, कुणी नुसते दरवाजे घेऊन बसलेलं. तिथं एकाकडनं कळलं की त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यात एक उभी आहे. अठराशे डॉलरला टायटलसकट, म्हणजे मालकीच्या कागदासकट, मिळाली. इंजिनचा ब्लॉक थंडीत पाणी गोठून फुटलेला, गिअरबॉक्स कुणीतरी आधीच काढून नेलेला, पण बॉडी मात्र आश्चर्य वाटावं इतकी शाबूत, छपराला एक खड्डा नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण ओरिजनलवाले लोक चिडतात, चालती जुनी गाडी कापली म्हणून. मी चालती कापली नाही. चालत असती तर मीही कापली नसती.

शेवरलेटच का, तर मामाचा उस्ताद शेवरलेटवर शिकलेला. जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत, सुटे भाग बोटीनं यायचे आणि मुंबईत गाड्या जोडल्या जायच्या. आमच्याकडं जुनी माणसं कुठल्याही मोठ्या अमेरिकन गाडीला सरसकट शेवरलेटच म्हणायची.

मग ओरिजनल चासी नीट का नाही केली? करता आली असती. पण त्या काळची गाडी म्हणजे चारी चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकचं ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर एकच आणि तो पण फ्लोअरच्या खाली, म्हणजे एक पाइप फुटला की चारी ब्रेक गेले. करंट सहा व्होल्टचा. वायपर इंजिनच्या व्हॅक्युमवर, चढाला अॅक्सिलेटर दाबला की पावसात वायपर निवांत होतात. मागच्या चाकांना जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत, त्यामुळं दुसरं इंजिन-गिअरबॉक्स लावायचं म्हणजे मागचा अॅक्सलसुद्धा बदलायचा. आणि ते जुनं २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलेंडरचं इंजिन, बॅबिट नावाच्या मऊ धातूच्या बेअरिंगचं, कनेक्टिंग रॉडला ऑइल मारायला खाली चमचे, गावातल्या गावात ठीक आहे पण आमच्या इकडं हायवेला लोक ताशी सत्तर मैलांनी जातात आणि मागनं ट्रक अंगावर येतो. मला बायको-पोरांना बसवून न्यायची होती.

इकडं ह्या कामाला सगळ्यात लोकप्रिय चासी म्हणजे शेवरलेटचाच छोटा पिकप, एस-१०. १९८२ ते २००४ बनला, त्यामुळं भंगारात ढिगानं मिळतो, पुढं डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, आणि पार्ट कुठल्याही दुकानात. त्याचे तीन व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), छोटा १०८.३ इंच, लांब हौद्याचा ११७.९ आणि मोठ्या केबिनचा १२२.९. माझ्या गाडीचा ११५. तीन इंचाचाच प्रश्न, मी म्हणलं, लांब हौद्याचा घेऊ आणि मधनं तीन इंच कापू. लोक व्हीलबेस जुळला की झालं असं समजतात, मीही समजलो. व्हीलबेस हा ह्या कामातला सगळ्यात सोपा आकडा आहे. खरी भांडणं उंची आणि रुंदीची.

ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात, त्यामुळं इथल्या पिकपच्या चासीला हात लावला तर पापुद्रे निघतात. चार बघितले. हातोडीनं ठोकत जायचं, खणखण वाजलं तर पत्रा आहे, ढप्प वाजलं तर गंज. मागच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरजवळ चिखल साठतो तिथं हमखास ढप्प. शेवटी पाच तास गाडी चालवत टेनेसीला गेलो, तिकडं मीठ इतकं नाही मारत. १९९१ चा, ४.३ लिटरचा व्ही-६, ऑटोमॅटिक, दार दाबलेलं, हौदा गेलेला, पण चालू. नऊशे डॉलर. ह्या वर्षाचं इंजिन मुद्दाम घेतलं, त्याचं फ्युएल इंजेक्शन जुन्या पद्धतीचं, वर कार्बुरेटरच्या जागी बसलेलं, वायरी कमी, आणि गिअरबॉक्सला कॉम्प्युटरची फारशी गरज नाही. इथं मात्र माझं डोकं चाललं होतं.

पिकपची केबिन आणि हौदा काढायला दोन वीकेंड लागले. मग उरली नुसती चासी, इंजिनसकट. पेट्रोलची टाकी जागेवर, स्टेअरिंग कॉलम एका लाकडाला बांधलेला, आणि बसायला दुधाचा प्लॅस्टिक क्रेट. कॉलनीच्या गल्लीत एक चक्कर मारली. मुद्दाम तोंडाला टॉवेल बांधला, गॉगल घातला आणि पोरीला व्हिडिओ काढायला लावला, मामाला पाठवला. मामाचं उत्तर आलं, "खोकं लाकडाचं पायजे." अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मजेचा दिवस तोच. तिथंच थांबायला पाहिजे होतं असं बायको अजून म्हणते.

शेजारी एक म्हातारा राहतो, आयुष्यभर डाय, म्हणजे कारखान्यातले साचे, बनवायचं काम केलेला, रिटायर्ड, पोरं त्याला ग्रॅम्पाच म्हणतात. त्याच्या नाकासमोर मी टेप घेऊन चासी मोजायला लागलो तर तो कुंपणावरनंच म्हणाला, जे कापणार आहेस त्याच्यावरनं मोजू नकोस. आणि मग रोजच यायला लागला. त्यानं गॅरेजच्या फरशीवर खडूच्या दोरीनं मधोमध एक सरळ रेघ मारली, पुढच्या मागच्या अॅक्सलच्या दोन आडव्या रेघा, आणि सगळी मापं ओळंब्यानं खाली फरशीवर उतरवायची. गाडी हलते, जॅक खचतो, फरशी हलत नाही. मामाच्या शेडमध्येही ओळंबा असायचा पण तो मला दारूच्या बाटलीसारखा कोपऱ्यात टांगलेला आठवतो, त्याचा उपयोग मला चाळिशीत एका अमेरिकन म्हाताऱ्यानं शिकवला.

म्हाताऱ्यानं अजून एक सांगितलं होतं, जुन्या गाडीची मूळ चासी शेवटपर्यंत टाकू नकोस. ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण कॉलनीच्या असोसिएशनची चिठ्ठी आली, ड्राइव्हवेवर दिसेल असं भंगार ठेवायचं नाही, दंड लागेल, आणि घरात पण त्याच विषयावर तापलेलं, त्यामुळं एक दिवस भंगारवाला बोलवला आणि जुनी चासी देऊन टाकली. सत्तर डॉलर मिळाले. मी बॉडीच्या बोल्टची भोकं मोजली होती, अॅक्सलपासूनची अंतरं मोजली होती, सगळं वहीत होतं. पण रेडिएटरच्या सपोर्टची उंची नव्हती मोजली. पुढचे दोन्ही मडगार्ड, ग्रिल, बोनेट, सगळं त्या एका सपोर्टवर लटकतं. सहा महिन्यांनी जेव्हा ते लावायला घेतलं तेव्हा कळलं की सत्तर डॉलरला मी काय विकलं. शेवटी एका मीटमध्ये दुसऱ्याच्या उभ्या गाडीखाली आडवा पडून, मालकाची परवानगी काढून, टेप लावून माप घेतलं. अंगावर ग्रीस, खाली चिखल.

चासी कापायचं. एस-१० ची चासी पुढं डब्यासारखी बंद आहे आणि गिअरबॉक्सच्या मागं उघडी, सी आकाराची. कापायचं ते उघड्या सरळ भागात. दोन्ही बाजूला एकाच जागी कापायचं नाही, आणि सरळ उभा काप मारून नुसतं वेल्डिंग करायचं नाही, कारण ट्रकची चासी दिवसभर वाकते आणि ती वाकून वाकून त्याच उभ्या रेघेत तडकते. आम्ही तिरका काप मारला, तीन इंचाचा तुकडा काढला, जोडून बाहेरनं शंकरपाळ्याच्या आकाराची प्लेट मारली. शंकरपाळंच का, तर तिच्या कडा तिरक्या असतात, उभी रेघ कुठंच राहत नाही. कापायच्या आधी दोन लोखंडी अँगल आडवे टाकून दोन्ही चॅनल एकमेकांना बांधून ठेवले होते, नाहीतर दुसरी बाजू कापली की पहिली फिरते. टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते छोटे टाके, मारले, मग कोनाकोनानं माप घेतलं, डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. तीन मिलिमीटरचा फरक. मला वाटलं चालतंय. म्हातारा काही बोलला नाही, ग्राइंडर माझ्या हातात दिला. टॅक तोडले, पुन्हा. दुसऱ्या वेळी फरक नखाएवढा पण नव्हता. चासीचं पूर्ण वेल्डिंग मात्र मी स्वतः केलं नाही, म्हाताऱ्याच्या ओळखीच्या एका सर्टिफाइड वेल्डरला पैसे देऊन करून घेतलं. पत्र्याचं काम माझं, चासीचं नाही. पोरं बसणार होती त्यात. आणि कुणी वेल्डिंग करणार असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा आणि इंजिनचा कॉम्प्युटर खोलून बाजूला ठेवा.

प्रोपेलर शाफ्ट छोटा करून बॅलन्स करून आणला, तो एका दिवसाचा विषय.

आता बॉडी. आधी मडगार्ड, बोनेट, ग्रिल काढले, काचा काढल्या, सीट काढल्या. बॉडी जुन्या चासीवरनं उचलायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आतनं चौकोनी पाइप वेल्ड करायचे, म्हणजे फ्लोअर कापल्यावर बॉडी केळ्यासारखी वाकत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते हे, की पाइप मारताना बॉडी जशी बसलेली असते तशीच ती कायमची धरली जाते. माझी बॉडी त्यावेळी एका बाजूनं जॅकवर होती. पाइप मारले, फार मजबूत मारले, आणि मग बघतो तर डावा मागचा दरवाजा लागेना, वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आणि खाली घासतोय. ते सगळे पाइप कापून, बॉडी सहा जागी लाकडी ठोकळ्यांवर सारखी बसवून, चारी दरवाजे लावून, फटीत रंग ढवळायची काडी फिरवून बघून, मग पुन्हा पाइप. तीन वीकेंड गेले. शिवाय पहिल्या वेळी ड्रायव्हरच्या दारात असा तिरका पाइप मारला होता की आत कुणाला बसताच येणार नव्हतं.

उचलायला दोन इंजिन क्रेन भाड्यानं, दोन जाड लाकडी तुळया, आणि इथल्या मराठी मंडळातले पाच मित्र. बॉडी वर, चासी ढकलत खाली, बॉडी हळूहळू खाली. पाऊण तास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकोनं पोहे केले होते, फोटो काढले. मग सगळे गेल्यावर मी आणि म्हातारा रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिलो आणि बघितलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातनं चाललेल्या बाईसारखी दिसत होती गाडी. खालनं सगळी चासी उघडी. कारण जुन्या गाडीचा फ्लोअर तिच्या स्वतःच्या चासीसाठी बनवलेला, बॉडी तिला बाजूनं झाकून घेते. एस-१० ची चासी वेगळ्या जागी उंच, वेगळ्या जागी अरुंद, मागं अॅक्सलच्या वर ती कमान करून उठते आणि ती कमान बरोबर मागच्या सीटखाली फ्लोअरला भिडते. आणि पुढं तर अजून गंमत. जुनं इंजिन सरळ सहा सिलेंडरचं, लांबलचक, त्यामानानं व्ही-६ आखूड, त्यामुळं मला वाटलेलं जागाच जागा. पण पिकपमध्ये इंजिन मागं सरकवून बसवलेलं असतं आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटणारा भाग, मागच्या टोकाला. म्हणजे रेडिएटरच्या बाजूला इतकी मोकळी जागा की पाट मांडून जेवायला बसावं, आणि मागं डिस्ट्रिब्युटर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यात घुसलेला.

ती पहिली वेळ. बॉडी परत उतरवली.

दुसऱ्या वेळेपासून सहाव्या वेळेपर्यंतचं थोडक्यात सांगतो, नाहीतर कुणी वाचायचं नाही. फायरवॉल कापून चार इंच आत खोबणी केली. बॉडी चढवली, बघितली, ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बोनेटच्या बिजागरीला लागतोय, उतरवली. पुढचा फ्लोअर पूर्ण काढला, आतनं चौकोनी पाइपची एक चौकट केली, दोन्ही बाजूच्या उंबऱ्याला वेल्ड करून, आणि आता बॉडी फ्लोअरवर नाही तर त्या चौकटीवर चासीला बसते. चढवली, उंची बरी, पण डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच वर. उतरवली. मागच्या सीटखालचा पत्रा कापून कमानीसाठी जागा केली, त्यामुळं मागची सीट दोन इंच उंच झाली आणि आता उंच माणसाचं डोकं छपराला लागतं. सासरे सहा फूट आहेत, ते पुढं बसतात. पिकपच्या चासीवरचे जुने ब्रॅकेट सगळे कापले, रिबिट छन्नीनं तोडले, हाताला अजून खूण आहे. मित्र हळूहळू यायचे कमी झाले. पहिल्या वेळी पाच होते, चौथ्या वेळी दोन, सहाव्या वेळी मी, म्हातारा आणि माझी बारा वर्षांची पोरगी जी क्रेनचा दांडा पंप करायची. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत आम्हाला माणसं लागतच नव्हती, क्रेन कुठं लावायची, तोल कुठं जातो, सगळं अंगवळणी पडलेलं. नवीन फ्लोअर अठरा गेजच्या पत्र्याचा, मी स्वतः केला. दिसायला काही खास नाही, वर मॅट आहे.

मध्ये दोन हिवाळे. गॅरेजमध्ये उणे दहा, प्रोपेनचा हीटर लावून अर्धा तास काम आणि अर्धा तास हात चोळणं, आणि वेल्डिंग करताना तर हीटर पण बंद.

रुंदीचं भांडण नंतर कळलं. एस-१० अरुंद आहे. मडगार्ड रुंद, चाकं आत, बारीक पायांच्या पैलवानासारखी गाडी. मागं उपाय सोपा होता, एस-१० च्याच जातीची ब्लेझर नावाची गाडी आहे, तिच्या चारी चाकांना इंजिनचा जोर जाणाऱ्या मॉडेलचा मागचा अॅक्सल रुंद असतो आणि तो सरळ बसतो, भंगारातनं दीडशे डॉलरला आणला. पुढं मात्र वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे जास्त बाहेर येणारी, चाकं घ्यावी लागली. त्यात एक सुखाची गोष्ट अशी की दोन्ही गाड्यांचा चाकाच्या बोल्टचा पॅटर्न एकच, पाच बोल्ट आणि पावणेपाच इंच. चाळीस वर्षांच्या अंतरानं बनलेल्या दोन गाड्यांत एवढी एकच गोष्ट जुळली.

स्टेअरिंगचं सांगायलाच हवं कारण हे बरेच जण टाळतात. जुन्या गाडीचा स्टेअरिंग कॉलम म्हणजे एक सरळ लोखंडी दांडा, पुढच्या स्टेअरिंग बॉक्सपासून थेट छातीपर्यंत. समोरनं धडक झाली तर तो भाल्यासारखा आत येतो. दिसायला सुंदर असला तरी तो मी ठेवला नाही. पिकपचाच कॉलम लावला, तो धडकेत आत दुमडतो, आणि त्याला गिअरचा दांडा कॉलमवरच आहे त्यामुळं जुन्या गाडीसारखं दिसतं पण. जुनं चाक मात्र अॅडॅप्टर करून वर बसवलं, ते हस्तिदंती रंगाचं, मधे क्रोमचं गोल. खालचा शाफ्ट दोन युनिव्हर्सल जॉइंट टाकून बॉक्सला जोडला. पहिल्यांदा जोडला तेव्हा तो एक्झॉस्टला घासत होता. मग एक्झॉस्ट बदलला. मग त्यासाठी बॉडी परत वर. सात.

पेट्रोलची टाकी पिकपमध्ये डाव्या चॅनलच्या बाजूला असते, ती आता फ्लोअरला अडत होती. मागं डिकीच्या खाली, जिथं पिकपची स्टेपनी लटकायची, तिथं दुसरी टाकी बसवली. ह्या इंजेक्शनला दाब फार लागत नाही, ९ ते १३ पीएसआय, पण पंप टाकीच्या आतच पाहिजे, बाहेर लावला की गरम होऊन ओरडतो, हा प्रयोग पण करून झाला. वायरिंग मी जेवणाच्या टेबलावर केलं, पिकपचं सगळं जाळं पसरून, लागणाऱ्या वायरींना लाल टेप, नको त्याला पांढरी. आठ दिवस घरातले सोफ्यावर जेवले. ह्या कामाला माझं शिक्षण उपयोगी पडलं एवढंच.

कागदाचं. प्रत्येक राज्यात नियम वेगळे, त्यामुळं कुणी करणार असेल तर चासीला हात लावायच्या आधी विचारा, नंतर नाही. आमच्या ओहायोत अशी दोन गाड्यांची एक केलेली गाडी सेल्फ-असेंबल्ड समजतात आणि ती स्टेट हायवे पॅट्रोलच्या, म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसांच्या, तपासणीला न्यावी लागते, चालवत नाही, ट्रेलरवर. सगळ्या मोठ्या पार्टच्या पावत्या पाहिजेत, कुठनं आणलं ते दाखवायला, चोरीचं नाही हे बघतात. माझ्या दोन्ही टायटल होत्या, भंगारवाल्यांच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. जुन्या गाडीची कंपनीनं दिलेल्या ओळख-नंबरची पट्टी डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते, रंग देताना ती काढायची नाही, इकडं ती काढणं हा गुन्हाच आहे. मी रंगवाल्याला तिच्यावर टेप लावून दिला होता. तपासणारा माणूस आधी गाडीभोवती दोन चकरा मारून आला, त्याच्या आज्याकडं असली होती म्हणाला, मग पावत्या एकेक करून बघितल्या, तिथं मात्र आज्या-बिज्या काही नाही.

मामेभाऊ विचारत होता, इकडं कोल्हापुरात एक जुनी फियाट आहे, जीपच्या चासीवर टाकू का. त्याला सांगितलं नको. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं जी मूळ गाडी बनवली तिच्यात असा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. तो नाराज झाला. मामा पलीकडनं ओरडला, "आधी तिचा कार्बुरेटर साफ कर म्हणावं."

पैशाचं विचारतात सगळे. दोन्ही गाड्या, पार्ट, चाकं, वेल्डर, रंग, भाडं धरून साडेतेरा हजार डॉलरच्या आसपास. तयार विकत घेतली असती तर कदाचित थोडे जास्त पडले असते, पण मग शनिवार-रविवार मोकळे मिळाले असते. आणि एक कबूल करतो, ह्या अशाच जुन्या चासीसाठी पुढचं सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेकचं तयार सामान बाजारात मिळतं. त्या रस्त्यानं गेलो असतो तर फ्लोअर, फायरवॉल, मागची सीट, काही कापायला लागलं नसतं. एस-१० ची चासी पैशाला स्वस्त आणि वेळेला फार महाग. मी परत केलं तर एस-१० वर करणार नाही. परत करणार नाही हा भाग वेगळा.

आठ, नऊ, दहा कशासाठी ते आता आठवत पण नाही, ब्रेकचा पाइप, एक विसरलेला अर्थिंगचा वायर, असलंच. अकरावी म्हणजे शेवटची, रंग झाल्यावर. तेव्हा मात्र सगळे पाचही मित्र परत आले, सॉक्स घालून, बेल्टचं बक्कल काढून, कारण रंगाला ओरखडा नको. निळा, वरचं छप्पर क्रीम. पोरीनं पंप केलं. बोल्ट आवळताना म्हाताऱ्यानं टॉर्क रेंच स्वतः धरला, प्रत्येक बोल्टला खडूची खूण.

पहिला लांबचा प्रवास कोलंबसला मंडळाच्या दिवाळीला, सत्तर मैल. हायवेला पासष्टनं सुरळीत. पाऊस लागला, वायपर इलेक्ट्रिकचे, चालले. सासरे पुढं, बाकीचे मागं वाकून. तिथं पार्किंगमध्ये जी गर्दी झाली त्यामुळं आम्ही नाटकाला उशिरा पोहोचलो. येताना मात्र मागनं डावीकडनं एक आवाज यायला लागला, खड्डा आला की टक्, खड्डा आला की टक्. पाटे बघितले, शॉक अब्सॉर्बर बघितला, एक्झॉस्ट हलवून बघितला, काही नाही.

रविवारी मामाला व्हिडिओ कॉल लावला, फोन पोरीकडं दिला आणि मी डिकीवर जोर देऊन गाडी हलवली. टक्. मामानं डोळे मिटून ऐकलं, पुन्हा हलव म्हणाला, टक्, आणि मग विचारलं, "मागच्या डाव्या बोल्टाला रबर घातलंस काय रं?"

गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. बारा माउंटची, म्हणजे बॉडी आणि चासीच्या मधे बसणारी, रबरं आणली होती. पाकिटात एक शिल्लक होतं.

त्याला पूर्ण बॉडी उचलायची गरज नाही म्हणा, पाच-सहा बोल्ट सैल करायचे आणि एका कोपऱ्यानं इंचभर वर घ्यायची. पोरगी म्हणते ही बारावी धरायची. मी म्हणतो साडेअकरा.